दारोदार फिरून वर्णद्वेष मोजणारा माणूस

फेब्रुवारी 2011. जनगणनेची फेरी चालू होती. मी तेव्हा बडोद्यात महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, आणि जनगणना आली की मास्तर-मास्तरणींना जुंपायचं हा सरकारी रिवाज तर जुनाच. माझ्या वाट्याला रावपुऱ्यामागच्या काही पोळी, म्हणजे गुजराती पद्धतीच्या जुन्या गल्ल्या, आल्या होत्या. एका जुन्या घराच्या माडीवर, मागच्या खोलीत, एक मराठी बाई भाड्यानं राहत होती. खानदेशातली, शिवणकाम करणारी. नवरा पाळीला गेलेला. मी फॉर्म मांडीवर घेतला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात प्रश्न सुरू केले. आडनावापाशी ती थांबली. तिनं जिन्याकडे बघितलं. खाली घरमालकीणबाई भाजी निवडत बसल्या होत्या.

"ताई, कागदावर खरं लिहा," ती हळूच म्हणाली, "पण मोठ्यानं वाचू नका."

मी लिहिलं. खालच्या बाईंनी आपल्या भाडेकरूंचं म्हणून जे आडनाव मला आधी सांगितलं होतं, ते हे नव्हतं.

तेव्हा नुसतीच ओशाळले आणि पुढच्या दारी गेले. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा एका माणसाशी गाठ पडली. माझ्या त्या फेरीच्या बरोबर 115 वर्षं आधी तो अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात असाच कागद घेऊन दारोदार हिंडला होता. फरक इतकाच की मी रकाने भरून मोकळी झाले, आणि त्यानं त्या रकान्यांतून एक अख्खं शास्त्र उभं केलं.

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस. आडनाव फ्रेंच असलं तरी फ्रेंच वळणानं 'ब्वा' म्हटलेलं त्यांना चालत नसे. 'बॉइस' असा सरळ उच्चार ते करायला लावत. वर्णद्वेषाचा शास्त्रीय अभ्यास म्हटलं की पहिलं नाव त्यांचं घ्यावं लागतं. पण अमेरिकेतल्या विद्यापीठांनीच ते कित्येक दशकं घेतलं नाही, त्यामुळे आपल्याकडे ते फार कुणाला ठाऊक नसलं तर नवल नाही.

जन्म 23 फेब्रुवारी 1868, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या लहान गावी. अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपून जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ती अर्पण केली, तेव्हा हे मूल पाच वर्षांचं होतं. फुल्यांना इथून दिसत होतं की तिकडे एक मोठं काम झालं. ते काम किती अर्धवट राहिलंय, हे त्या मुलाला पुढे शाळेच्या वर्गात कळायचं होतं.

वडील लहानपणीच सोडून गेलेले. आई पडेल ते काम करून घर चालवणारी. गावात काळ्यांची घरं मोजकीच. शाळेत मुलांमध्ये एकमेकांना भेटीची कार्डं देण्याचं खूळ आलं होतं, आपल्याकडे पूर्वी मुलं वहीत एकमेकांच्या सह्या घेत तसलं. सगळं हसतखेळत चाललं होतं. गावात नव्यानं आलेल्या एका उंच मुलीनं या मुलाचं कार्ड घेतलं नाही. नुसतं बघितलं आणि नकार दिला. भांडण नाही, शिवी नाही. पण त्या क्षणी आपण बाकीच्यांसारखे नाही, आपल्यामध्ये आणि त्यांच्यामध्ये एक पडदा आहे, हे लक्षात आल्याचं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. हा 'पडदा' त्यांच्या सगळ्या लेखनात पुन्हा पुन्हा येतो.

शिक्षणाचा भाग भराभर सांगते, कारण पदव्यांची यादी लांबलचक आहे. 1885 मध्ये आई गेली. गावातल्या चर्चनी वर्गणी काढून त्यांना दक्षिणेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात धाडलं. तिथून हार्वर्ड. फिस्कची पदवी हार्वर्डनं पुरती धरली नाही म्हणून पुन्हा बी.ए., मग एम.ए. पुढे जर्मनीला जायचं होतं. एका शिष्यवृत्ती निधीचे प्रमुख होते माजी राष्ट्राध्यक्ष हेज. परदेशी पाठवावा असा काळा विद्यार्थी आम्हाला सापडत नाही, असं ते बोलल्याचं छापून आलं होतं. ड्यू बॉइस यांनी त्यांना पत्रं लिहून इतकं भंडावलं की शेवटी अर्धी देणगी आणि अर्धं कर्ज अशी व्यवस्था झाली. 1892 ते 94 बर्लिनमध्ये गेली. तिथे समाजाचा अभ्यास म्हणजे आधी माहिती गोळा करणं, हे वळण पडलं. 1895 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट. ती मिळवणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकी.

आता फिलाडेल्फिया. इथे मला थांबायचं आहे.

1896 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं त्यांना एक काम दिलं. शहराच्या सातव्या वॉर्डात काळ्यांची वस्ती दाट होती, तिचा अभ्यास करायचा. पगार वर्षाला 900 डॉलर. हुद्दा समाजशास्त्रातला 'सहायक'. वर्ग शिकवायचा नाही, आणि विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत नावसुद्धा नाही. हार्वर्डचा डॉक्टर, बर्लिनला शिकलेला, आणि हे. या अभ्यासामागचा हेतूही फारसा निर्मळ नव्हता. शहर बिघडलं ते काळ्यांच्या गुन्हेगारीमुळे आणि त्यांच्या विकाऊ मतांमुळे, असा सुधारक म्हणवणाऱ्या मोठ्या लोकांचा पक्का समज होता. त्यावर शास्त्राचा शिक्का हवा होता, असं ड्यू बॉइस यांनी नंतर स्पष्ट लिहिलं.

नुकतंच लग्न झालेलं. नवी बायको नीना हिला घेऊन ते त्याच वस्तीत, एका खाणावळीवरच्या एका खोलीत राहायला गेले. घराघरासाठी, माणसामाणसासाठी, घरगडी-मोलकरणींसाठी, गल्लीबोळांसाठी, संस्थांसाठी असे वेगवेगळे प्रश्नतक्ते त्यांनी तयार केले आणि स्वतः दारोदार गेले. मदतीला माणसं नाहीत. वॉर्डात साडेनऊ हजारांच्या वर काळी माणसं होती. अडीच हजारांच्या आसपास घरं झाली. लोकांनी काही पायघड्या घातल्या नाहीत. आम्ही काय अजब जनावर आहोत की आमचा अभ्यास करताय, असा भाव असायचा. हे वाचताना मला हसू आलं. बडोद्याच्या पोळीत मलाही हेच ऐकावं लागलं होतं, फक्त गुजरातीत.

आपल्याकडे समाजशास्त्र शिकलेल्यांना एम. एन. श्रीनिवास माहीत असतात. 1951 मध्ये त्यांनी इथल्याच महाराज सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा केला. पोथीत लिहिलेला समाज वेगळा आणि गावात जाऊन दिसतो तो वेगळा, हा त्यांचा आग्रह. ड्यू बॉइस यांनी त्याआधी 55 वर्षं हेच केलं होतं. त्यांच्यासमोरची पोथी म्हणजे वंशशास्त्र. कवट्या मोजून कोण वरचा आणि कोण खालचा ते ठरवणारं.

1899 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी काय केलं ते सोपं करून सांगते. तेव्हाचा प्रश्न होता, 'या लोकांमध्ये काय बिघडलंय?' ड्यू बॉइस यांनी तो फिरवला आणि विचारलं, 'या लोकांभोवती काय केलंय?'

घरभाड्याचंच घ्या. काळ्या कुटुंबाला शहरात हवं तिथे घर मिळत नसे. कामं बहुतेक श्रीमंतांच्या घरची, म्हणून त्यांच्या जवळपास राहणं भाग. म्हणजे घरं थोडी आणि घेणारे पुष्कळ. साहजिकच वाईट घराला जास्त भाडं. ते भागवायला घरात पोटभाडेकरू ठेवायचे. त्यानं दाटी. दाटीतून घाण आणि आजार. मग बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावून म्हणणार, "बघा, यांना अशीच राहायची सवय!" शेवटची कडी सगळ्यांना दिसते. पहिली कडी दिसायला प्रत्येक दारी 'भाडं किती?' हा प्रश्न विचारावा लागतो.

नोकऱ्यांच्या बाबतीत त्यांनी एकामागून एक प्रकरणं नोंदवली आहेत, नावं न देता. एक मी विसरू शकत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून यंत्र-अभियांत्रिकी शिकलेला एक तरुण. जाहिरात बघून अर्ज केला, गुण उत्तम, नोकरी लागली. कामावर गेल्यावर काही तासांत कळलं की हा काळा आहे. काढून टाकला. ड्यू बॉइस यांनी नोंद केली तेव्हा तो विद्यापीठाच्या क्लबात वाढपी होता, आणि तिथे त्याच्याबरोबर शिकलेले गोरे अभियंते जेवायला येत.

या पुस्तकाचा एक दोष सांगितलाच पाहिजे. त्यांनी वस्तीतल्या लोकांचे चार थर पाडले आणि नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी दाखवले. काळे म्हणजे एकच गठ्ठा नव्हे, हे त्यामुळे डोळ्यांना दिसलं. पण सगळ्यात खालच्या थराला 'दुराचारी आणि गुन्हेगार' असं नाव देताना त्यांच्यातला शिस्तीचा मास्तर जागा झालेला दिसतो. लोकांनी नीटनेटकं राहावं, उधळपट्टी करू नये, असा उपदेशही अधूनमधून येतो. मीही मास्तरीणच. ही खोड मला लगेच ओळखू येते.

त्याच सुमारास, 1896 मध्ये, एका विमा कंपनीचा आकडेतज्ज्ञ फ्रेडरिक हॉफमन याचं पुस्तक गाजत होतं. म्हणणं असं की काळ्यांचा मृत्युदर जास्त आहे, तो त्यांच्या रक्तातच आहे, आणि हा वंश हळूहळू संपणार. आकड्यांची रास असल्यामुळे लोकांना ते पटलं. ड्यू बॉइस यांनी पुस्तकाचं परीक्षण करताना साधा हिशेब पुढे ठेवला. माँट्रियल, नेपल्स, बेलफास्ट, बुडापेस्ट, माद्रिद या गोऱ्यांच्या शहरांत गेल्या काही वर्षांत अमेरिकी शहरांतल्या काळ्यांइतका किंवा त्याहूनही जास्त मृत्युदर दिसला आहे. मग हे गोरेही नामशेष होणार का? नसतील, तर कारण रक्तात नाही. ते पाण्यात, गटारात, घरात आणि पगारात शोधायला हवं.

वर्णद्वेष कसा चालतो ते या एका उदाहरणात जवळजवळ सगळं येतं. तो नेहमी शिव्या देत येत नाही. कित्येकदा खऱ्या आकड्यांच्या शेजारी खोटं कारण ठेवून येतो. आकडा खरा असतो म्हणून कारणही खरंच वाटतं.

1897 मध्ये ते अटलांटा विद्यापीठात गेले आणि 1910 पर्यंत तिथे राहिले. दरवर्षी एक विषय घ्यायचा, त्याची पाहणी करायची, परिषद भरवायची, अहवाल छापायचा. शेती, शाळा, चर्च, आरोग्य, कारागिरी. पैसा अगदी तुटपुंजा. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर 1904 मध्ये अमेरिकेला आले तेव्हा त्यांना या कामाची किंमत कळली. त्यांनी ड्यू बॉइस यांचा लेख मागवून 1906 मध्ये आपल्या जर्मन नियतकालिकात छापला. अमेरिकेतल्या गोऱ्या समाजशास्त्रज्ञांनी मात्र या ढीगभर अहवालांकडे काणाडोळा केला.

तोपर्यंत त्यांची समजूत सरळ होती. लोक अन्याय करतात कारण त्यांना माहिती नसते. खरी माहिती समोर ठेवली की सुधारतील. ही समजूत 1899 च्या एप्रिलमध्ये मोडली. जॉर्जियात सॅम होझ नावाच्या काळ्या शेतमजुराला जमावानं जाळून मारलं. ड्यू बॉइस यांनी नेहमीच्या पद्धतीनं संयमी शब्दांत निवेदन लिहिलं आणि ते द्यायला वर्तमानपत्राच्या कचेरीकडे चालत निघाले. वाटेत कुणीतरी सांगितलं, होझच्या बोटांची हाडं पुढच्याच रस्त्यावर एका वाण्याच्या दुकानात मांडून ठेवली आहेत. ते माघारी फिरले. कचेरीत गेलेच नाहीत. माणसं अशी मारली जात असताना आपण थंड, तटस्थ शास्त्रज्ञ राहू शकत नाही, असं त्यांनी या प्रसंगाबद्दल पुढे लिहिलं. महिन्याभरात त्यांचा दोन वर्षांचाही न झालेला मुलगा घटसर्पानं गेला.

1903 मध्ये त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक आलं, 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक'. विसाव्या शतकाचा प्रश्न हा रंगरेषेचा, म्हणजे रंगावरून माणसांना वेगळं पाडणाऱ्या रेषेचा, प्रश्न आहे, हे त्यांचं वाक्य त्यातलंच. 1900 मध्ये लंडनच्या परिषदेतही त्यांनी ते मांडलं होतं. पण माझ्या मते त्यातली जास्त खोल कल्पना म्हणजे 'दुहेरी जाणीव'. स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायची सवय लागणं. आरसा आपल्याच घरातला, पण त्यात बघणारे डोळे आपल्याला तुच्छ मानणाऱ्याचे. मी अमेरिकी आहे आणि मी काळा आहे, या दोन्ही गोष्टी एकाच अंगात, आणि त्या सुखानं एकत्र नांदू दिल्या जात नाहीत.

बडोद्यातली मराठी मंडळी कधीकधी म्हणतात की आपलंही तसंच आहे, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती. मला हे मान्य नाही. दोन भाषा येणं ही चैन आहे. आपण तर इथे राज्यकर्त्यांच्या मागून आलेले लोक; दांडिया बाजारात वाडे बांधून राहिलेले. दुहेरी जाणीव समजून घ्यायची तर कमाटीबागेत जावं लागेल.

सयाजीबागेला जुने लोक कमाटीबागच म्हणतात. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करायचा करार. सप्टेंबर 1917 मध्ये ते करार पाळायला बडोद्यात आले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत, दिवसाला दीड रुपया देऊन, नोंदवहीत पारशी नाव लिहून राहिले. माडीवर एकटेच, अंधार, अडगळ, वटवाघळं. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी लिहिलं आहे. बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ती परत आली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा घोळका दाराशी उभा राहिला. दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीनं अडचण सांगितली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

हिशेबखात्यात रीतसर नेमणूक झालेला कोलंबियाचा विद्वान, आणि रात्री नोंदवहीतलं खोटं नाव सांभाळत झोपणारा माणूस. दोघं एकच. फिलाडेल्फियाचा वाढपी अभियंता यांना भेटला असता तर दोघांना एकमेकांना फार काही समजावून सांगावं लागलं नसतं. आणि माझ्या पोळीतली ती शिवणकाम करणारी बाई 2011 मध्ये जिन्याकडे बघत होती.

इथे एक गफलत होऊ शकते, ती टाळू. जात आणि वंश एकच का? नाही. आंबेडकरांनी स्वतः 1936 मध्ये 'जातिनिर्मूलन'मध्ये ठासून सांगितलं की जात ही वंशाची विभागणी नाही. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे. रंगावरून किंवा नाकावरून जात ओळखता येत नाही, म्हणून तर आडनाव विचारावं लागतं. पण गंमत अशी की ड्यू बॉइसही वंशाबद्दल शेवटी अशाच जागी येऊन पोचले. 1940 च्या 'डस्क ऑफ डॉन' या आत्मकथनात एक गोरा माणूस त्यांना विचारतो, वंश जर शरीरात नसेल तर काळा कोण हे तुम्ही ओळखता कसं? ते म्हणतात, अगदी सोपं आहे. जॉर्जियात ज्याला 'जिम क्रो' डब्यातून, म्हणजे काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या डब्यातून, प्रवास करावा लागतो तो काळा. म्हणजे डबा आधी, वंश नंतर. माणूस वेगळा म्हणून त्याला वेगळा डबा दिलेला नसतो. वेगळ्या डब्यात बसवलं म्हणून तो वेगळा ठरतो.

हे एक वाक्य कळलं तर वर्णद्वेषाचं निम्मं समाजशास्त्र कळलं असं मी धरते.

आंबेडकर न्यू यॉर्कला शिकत होते त्याच वर्षांत ड्यू बॉइस त्याच शहरात 'द क्रायसिस' मासिक चालवत होते. 1909 मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी एन.ए.ए.सी.पी. ही संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते, आणि 1910 मध्ये विद्यापीठ सोडून त्यांनी तिचं हे मासिक हाती घेतलं. पहिला अंक हजार प्रतींचा. 1919 पर्यंत खप लाखावर. दोघांमधला पत्रव्यवहार मात्र खूप नंतरचा, जुलै 1946 मधला. आंबेडकरांनी लिहिलं की आपली भेट झालेली नाही, पण मी तुमचं लेखन वाचत आलो आहे; अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती इतकी मिळतीजुळती आहे की तिकडचा अभ्यास इकडे नुसता स्वाभाविक नव्हे, गरजेचा आहे. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी महिनाअखेरीस उत्तर दिलं: प्रत पाठवतो, तुमचं नाव आणि काम मला ठाऊक आहे, भारतातल्या अस्पृश्यांविषयी पूर्ण सहानुभूती आहे. पुढच्या वर्षी त्यांच्याच संपादनाखाली एन.ए.ए.सी.पी.चा मोठा अर्ज संयुक्त राष्ट्रांपुढे गेला.

आता त्यांची आणखी एक कल्पना. पोळीच्या ओट्यावर बसून समजून घ्यावी अशी आहे. 1935 मध्ये त्यांनी गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळाचा जाडजूड इतिहास लिहिला. त्यात प्रश्न असा: दक्षिणेतले गरीब गोरे मजूर आणि गरीब काळे मजूर दोघंही नागवले जात होते, मग ते एकत्र का आले नाहीत? त्यांचं उत्तर आहे 'मानसिक मजुरी'. गोऱ्या मजुराला रोख मजुरी कमीच मिळत होती, पण वर एक न दिसणारा मोबदला होता. लोक त्याच्याशी अदबीनं बोलायचे. बाग, सभा, चांगली शाळा त्याला खुली. पोलीस त्याच्यातलेच. पोट अर्धं रिकामं, पण आपल्या खाली कुणीतरी आहे हे समाधान दररोज मिळत होतं. मालकाला हे फार स्वस्त पडतं. मान द्यायला खिशातून काही जात नाही.

आमच्या पोळीत एक विधवा आजी होत्या. छपरातून पाणी गळायचं, दुरुस्तीला पैसे नव्हते. माडी रिकामी होती, ती 'आपल्यातल्यां'नाच द्यायची म्हणून तीन पावसाळे तशीच रिकामी ठेवली. भाडं बुडालं. पण खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्याला मी पूर्वी हट्ट म्हणायचे. ड्यू बॉइस वाचल्यावर कळलं की त्यांना त्याचा मोबदला मिळत होता.

शेवटची वर्षं वादळी गेली. 1951 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी, शांततेच्या चळवळीतल्या कामावरून त्यांना परक्या सत्तेचा नोंदणी न केलेला हस्तक ठरवून खटला भरला. बेड्याही घातल्या. आइनस्टाइन साक्षीला यायला तयार होते. ते निर्दोष सुटले, तरी पासपोर्ट 1958 पर्यंत अडवून ठेवलेला. त्यांची बाजू घेताना त्यांच्या चुका लपवायचं कारण नाही. स्टालिन वारला तेव्हा त्यांनी त्याच्यावर स्तुतीपर लेख लिहिला. जपाननं बळकावलेल्या मांचुरियात जाऊन आले आणि तिथल्या राज्यकारभाराबद्दल बरं बोलले. गोऱ्यांच्या साम्राज्याविरुद्ध जो उभा राहील तो आपला, या हिशेबात त्यांना पुष्कळ रक्त दिसलं नाही. दारोदार जाऊन भाडं विचारणारा माणूस तिथे पाहुणा म्हणून गेला होता. दारामागे काय चाललंय हे त्यानं विचारलं नाही.

1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष न्क्रुमांच्या निमंत्रणावरून ते घानाला गेले. आफ्रिकेचा ज्ञानकोश करायचा बेत होता, वय 93. 27 ऑगस्ट 1963 ला आक्रा इथे वारले. दुसऱ्या दिवशी काळ्यांच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेला तो प्रचंड मोर्चा होता, आणि तिथल्या व्यासपीठावरून ही बातमी जमावाला सांगण्यात आली.

कुणी विचारतं, त्यांचं काय वाचायला सुरुवात करावी? इंग्रजीचा कंटाळा असेल तर आधी चित्रं बघा. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी आणि अटलांटाच्या विद्यार्थ्यांनी हातानं रंगवलेले साठेक तक्ते केले होते. ते घेऊन पॅरिसला जाताना बोटीत सगळ्यात खालच्या वर्गानं गेले, कारण पैसे नव्हते. सुवर्णपदक मिळालं. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयानं हे तक्ते इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. त्यातला एक मी छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. रविवार होता, फाफडा-जिलबीचा पुडा शेजारीच. सूनबाईनं तक्ता उचलला आणि म्हणाली, "आई, ही जिलबी कसली?"

खरंच जिलबीसारखं आहे. वर हिरवी, निळी, पिवळी अशा तीन आखूड रेघा, आणि त्यांना जोडून खाली लालभडक वेटोळं. 1890 मधल्या जॉर्जियातल्या काळ्यांचा हा हिशेब. हिरवी रेघ मोठ्या शहरांतल्यांची, 78,139. निळी आणि पिवळी लहान शहरांतल्यांची. लाल वेटोळं खेड्यापाड्यांत राहणाऱ्यांचं, 7,34,952. रेघेची लांबी म्हणजे माणसांची संख्या. वरच्या तिन्ही रेघा कागदावर आरामात बसल्या. लाल रेघ त्याच मापानं काढली तर कागदाच्या बाहेर जाते. म्हणून ती गुंडाळली आहे.